कॅडेव्हर किडनीच्या यादीत गरिबाचा नंबर खरंच लागतो का? ताईसाठी विचारतोय

बालाघाटचा_पोरगा

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय पण वाचा प्लीज. माझी मोठी ताई, वय ३८, तुळजापूर तालुक्यात दिलेली. दोन्ही किडन्या गेल्यात, बीपीमुळं म्हणतात डॉक्टर, कळलं तेव्हा क्रिएटिनिन बरंच वर गेलं होतं आणि डायरेक्ट डायलिसिसच सुरू करावं लागलं. आता आठवड्याला दोनदा डायलिसिस, खरं तर तीनदा सांगितलंय पण एसटीचं भाडं, भाऊजींचा रोज बुडतो, पोरांची शाळा, असं सगळं धरून दोनदाच होतं. डायलिसिस योजनेतून फुकट आहे, पण जाणं येणं आणि इंजेक्शनं आपलीच.

घरातून डोनर कोणी जमत नाही. मला शुगर निघाली म्हणून मी बाद, आईचं वय झालंय आणि तिचं बीपी आहे. भाऊजींचा ब्लड ग्रुप बी, ताईचा ओ, म्हणजे तेही नाही. खरं सांगायचं तर ग्रुप जमला असता तरी तिकडच्या घरच्यांनी होकार दिला असता का माहीत नाही. सासूबाईंनी स्पष्ट म्हटलं की कमावता माणूस आहे, त्याला काय झालं तर सगळ्यांनी काय खायचं. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण उलटं असतं, भाऊजींची किडनी गेली असती, तर ताईला कोणी विचारलंसुद्धा नसतं, डायरेक्ट तपासणीला नेलं असतं, हे मला झोपू देत नाही.

तर आता राहिला मार्ग कॅडेव्हरचा, म्हणजे ब्रेन डेड माणसाची किडनी. गावात ज्याला विचारावं तो म्हणतो ती यादी वगैरे सगळं नावाला असतं, पैसेवाल्यांचा नंबर आधी लागतो, गरीब यादीतच मरतो. डायलिसिस सेंटरला बाजूच्या बेडवरचे काका म्हणाले की नाव घालायलाच लाखभर लागतात. खरं काय आहे? ताई राहते धाराशिव जिल्ह्यात, आम्ही बार्शीला, जवळ पडतं सोलापूर. मग नाव पुण्याच्या यादीत घालायचं का संभाजीनगरच्या? दोन्हीकडं घालता येतं का? आणि ओ ग्रुपवाल्यांना जास्त थांबावं लागतं हे खरंय का?

कोणी यातून गेलं असेल तर सांगा. धीर देऊ नका, खरं काय ते सांगा.

सडेतोड_माणूस

भाऊ, तुम्हाला खरं ऐकायचंय म्हणून लिहितो. माझे काका चार वर्षांच्या वर यादीत होते आणि यादीतच गेले. एकदा रात्री फोन आला की या, किडनी आहे, आम्ही गाडी करून पोचेपर्यंत सांगितलं दुसऱ्या पेशंटला लावली. आता ती कोणाला गेली, का गेली, आमचा नंबर कितवा होता, काहीच सांगत नाहीत. सामान्य माणसाला समजायचा मार्गच नाही. मग लोक म्हणतात पैसे खाल्ले, त्यांचं काय चुकलं? मी पुरावा नाही देऊ शकत, पण अंधारात ठेवलं की संशय येणारच.

वॉर्ड_नंबर_सात

मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय, आता त्या कामात नाही, त्यामुळं मोकळेपणानं लिहिते. कुठल्या हॉस्पिटलात ते विचारू नका.

आधी ताईचं. दादा, नाव घालायला लाखभर लागत नाहीत, हे आधी डोक्यातून काढा. काही राज्यांमधे नोंदणीचे पाच-दहा हजार घेत होते, २०२३ मधे केंद्रानं सांगितलं की नोंदणीची फी घेऊ नका. त्याच वेळी दोन गोष्टी अजून बदलल्या. पासष्टच्या वरच्यांना नाव घालता येत नव्हतं ती अट गेली, आणि राज्याचा रहिवासी असल्याची अट गेली, म्हणजे डोमिसाइल लागत नाही. (गुजरातची डोमिसाइलची अट तर त्याच्या आधीच २०२२ मधे तिथल्या हायकोर्टानं रद्द केली होती.) पैसे लागतात ते तपासण्यांना, त्याचं पुढं लिहिते.

आपल्या राज्यात चार झोन आहेत, मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर. प्रत्येकाची झेडटीसीसी, म्हणजे यादी सांभाळणारी झोनची समिती, वेगळी. सगळ्यांच्या वर रोटो-सोटो, म्हणजे विभागाची आणि राज्याची अवयवदानाची संस्था, ते मुंबईच्या केईएममधे आहे, आणि दिल्लीत नोटो, म्हणजे देशाची. पेशंट कुठं राहतो त्यावर झोन ठरत नाही, ज्या हॉस्पिटलातून नाव घालाल त्या हॉस्पिटलचा जो झोन तो तुमचा. ताई धाराशिवची असली तरी सोलापूरच्या ट्रान्सप्लांट हॉस्पिटलातून नाव घातलं तर ती पुणे झोनच्या यादीत जाते. दोन्हीकडं मात्र नाही घालता येत, एका वेळी एकच हॉस्पिटल. माझं मत विचाराल तर सोलापूरच घ्या. फोन आल्यावर काही तासात पोचायचं असतं, क्रॉसमॅच (पेशंटचं रक्त डोनरच्या पेशींना विरोध करतं का ती तपासणी) करायची असते, किडनी बाहेर काढल्यावर फार वेळ ठेवता येत नाही. जवळ असणं हे या सगळ्यात फार मोठं आहे आणि हेच गावाकडच्या पेशंटच्या विरोधात जातं.

आता सडेतोड यांच्या काकांचं. वाईट वाटलं वाचून. तुमच्या काकांच्या बाबतीत काय झालं ते मला माहीत नाही, पण साधारण असं होतं की एका किडनीसाठी एकाच पेशंटला बोलवत नाहीत, वरचे तीन-चार बोलावतात. कारण पहिल्याची क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली, किंवा त्याला ताप निघाला, छातीत इन्फेक्शन निघालं, तर दुसरा तयार पाहिजे. म्हणजे बोलावलेल्यातला एकच जण ऑपरेशनला जातो आणि बाकीचे तसेच परत जातात. हे फोन करतानाच स्वच्छ सांगायला पाहिजे, आणि बऱ्याचदा सांगत नाहीत. तो राग खरा आहे.

यादी कशी लागते तर गुणांवर लागते. नोटोच्या सूचनांमधे मुख्य गुण डायलिसिसवर काढलेल्या वेळेचे, महिन्याला एक. मग लहान मुलांना जास्तीचे, ज्यांच्या हातातले फिस्टुला (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) एकामागून एक फेल गेलेत त्यांना जास्तीचे, ज्यांच्या रक्तात अँटीबॉडी जास्त आहेत त्यांना. कोणी आधी स्वतःची किडनी दान केली आणि नंतर त्यालाच गरज पडली तर त्याला पाच गुण. यात कुठंही उत्पन्नाचा, पगाराचा, ओळखीचा रकाना नाही. डोनर आला की त्या ग्रुपची यादी काढतात आणि वरून खाली जातात. मी डोळ्यांनी बघितलंय, बड्या माणसाचा फोन येऊन पण यादी हललेली नाही.

पण म्हणून सगळं न्यायाचं आहे असं मी म्हणणार नाही. यादीच्या आत अन्याय कमी आहे, यादीपर्यंत पोचण्यात जास्त आहे. मला दिसायचं ते हे की ज्यांना योजनेचं डायलिसिस मिळतं त्यातल्या कितीतरी जणांना कोणी सांगितलेलंच नसतं की कॅडेव्हरसाठी नाव घालता येतं. डायलिसिस सेंटर वेगळं, ट्रान्सप्लांटचं हॉस्पिटल दुसऱ्या जिल्ह्यात, मधे कोणीच नाही. शहरातला शिकलेला पेशंट पहिल्या महिन्यात चौकशी करतो, गावचा पेशंट दोन वर्षांनी येतो आणि तोवर त्याचं हृदय खराब झालेलं असतं, मग डॉक्टर म्हणतात आता ऑपरेशन झेपणार नाही. तो यादीत कुठंच दिसत नाही, कारण तो यादीत कधी आलाच नाही.

आणि नाव घातल्यावरही संपत नाही. वर्षावर्षाला हृदयाची तपासणी, हिपॅटायटिसची लस, रक्ताचे नमुने ताजे लागतात. रिपोर्ट जुने झाले की नाव यादीत राहतं पण इनअॅक्टिव्ह होतं, आणि पेशंटला वाटतं आपण लाइनीत आहोत. फोन नंबर बदलला म्हणून नंबर हुकलेले पेशंट मी बघितलेत.

ओ ग्रुपचं: हो, जास्त थांबावं लागतं. ओची किडनी आधी ओलाच देतात हे खरं, पण ओचे पेशंट यादीत भरपूर, आणि घरात ग्रुप जुळत नाही म्हणून कॅडेव्हरकडं येणाऱ्यांत पण ओचेच जास्त. तुमच्या ताईसारखेच.

रात्रपाळी

डायलिसिस टेक्निशियन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. वॉर्ड नंबर सात मॅडम बोलल्या ते शंभर टक्के खरं. आमच्याकडं तीन शिफ्ट चालतात, चेहरे पाठ आहेत सगळे. यादीत नाव असलेले हाताच्या बोटावर. नेफ्रो डॉक्टर आठवड्यातून एकदा व्हिजिटला येतात, पन्नास पेशंट बघायचे, त्यात ट्रान्सप्लांटचं कधी बोलणार? मी स्वतः पेशंटला सांगायला लागलो तर पहिला प्रश्न येतो "किती खर्च", दुसरा "नंतर गोळ्या किती".

एका गोष्टीवर मात्र मॅडमशी माझं जमत नाही. डोनर ज्या हॉस्पिटलात असतो त्याला एक किडनी आपल्याच पेशंटसाठी ठेवता येते आणि दुसरी सगळ्यांच्या यादीत जाते, असंच आहे ना? म्हणजे ज्या मोठ्या हॉस्पिटलात आयसीयू मोठा, डोनर जास्त निघतात, तिथं नाव असलेल्याचा नंबर लवकर. तिथं नाव घालायला कोण जाणार, ज्याला तिथला खर्च झेपतो तोच ना. मग गुणांच्या यादीत उत्पन्नाचा रकाना नाही म्हणून काय झालं, हॉस्पिटल निवडण्यातच तो रकाना भरला की.

आणि दुसरं, डोनर कुठून येतात बघा. मोटारसायकलवरनं पडलेला पोरगा, हेल्मेट नाही, डोक्याला मार, बहुतेक गरीब घरचा. त्याच्या घरचे दान करतात. आणि घेणारा कोण? मी असं म्हणत नाही की देणाऱ्याच्याच जातीपातीच्या माणसाला द्या, पण देणारे एका बाजूचे आणि घेणारे दुसऱ्या बाजूचे असं फार दिवस चालणार नाही. लोकांना दिसतं ते.

वॉर्ड_नंबर_सात

रात्रपाळी, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो टाळत नाही. एक किडनी त्या हॉस्पिटलला देण्यामागं कारण असं की ब्रेन डेड जाहीर करणं हे कष्टाचं काम आहे. चार डॉक्टरांचं पॅनल, कमीत कमी सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी, मधे पेशंटचं बीपी सांभाळायचं, नातेवाइकांशी बोलायचं, पोलीस केस असेल तर ती परवानगी. हॉस्पिटलला काहीच मिळणार नसेल तर कोणी हे करणारच नाही अशी भीती आहे. ती भीती खोटी नाही, २०२३ मधे अख्ख्या देशात मृत डोनर पहिल्यांदा हजाराच्या वर गेले, एवढ्या मोठ्या देशात फक्त हजार. पण उपाय आहे ना. ज्या हॉस्पिटलात ट्रान्सप्लांट होत नाही पण अवयव काढायची परवानगी आहे तिथून आलेल्या दोन्ही किडन्या सगळ्यांच्या यादीत जातात. जिल्हा रुग्णालयं, मेडिकल कॉलेजं जोरात कामाला लागली तर सगळ्यांच्या यादीतल्या किडन्या वाढतील आणि तुमच्या पेशंटचे नंबर लागतील. सिव्हिलच्या आयसीयूत ब्रेन डेड झालेला पेशंट जाहीरच होत नाही, तिथं खरी गळती आहे.

सडेतोड_माणूस

मॅडम, फोन का आला आणि किडनी दुसऱ्याला का गेली हे आज पहिल्यांदा कोणीतरी समजावलं. हॉस्पिटलनं पाच मिनिटं दिली असती तर काकू इतकी वर्षं मनात धरून बसल्या नसत्या. माझी मागणी एकच, बोलावलेल्या पेशंटला लेखी द्या, नाव नको कोणाचं, फक्त एवढंच की तुमचे गुण इतके, किडनी गेली त्या पेशंटचे इतके, किंवा तुमची क्रॉसमॅच जुळली नाही.

डोंबिवली_ते_डेट्रॉइट

इकडे अमेरिकेत माझ्या नवऱ्याला कॅडेव्हर किडनी मिळाली, त्यामुळे इथलं थोडं सांगते, कारण नेमका हाच यादीपर्यंत पोचण्याचा प्रश्न इथेही होता. पूर्वी इथे वेटिंग मोजायचे नाव घातल्याच्या तारखेपासून. मग ज्याला डॉक्टरने उशिरा पाठवलं, ज्याचा विमा नव्हता, त्याची डायलिसिसवरची वर्षं वाया. २०१४ च्या डिसेंबरमधे नियम बदलला, नाव कधीही घाला, वेटिंग डायलिसिसच्या पहिल्या दिवसापासून धरायचं. कृष्णवर्णीय पेशंटना याचा खूप फायदा झाला. आणि त्यांच्या बाबतीत अजून एक भयंकर गोष्ट होती, किडनीचं काम मोजायच्या फॉर्म्युल्यात वंशाचा रकाना होता, त्यामुळे त्यांची किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसायची आणि नाव उशिरा लागायचं. तो फॉर्म्युला बंद केला, आणि २०२३ पासून अशा पेशंटना गेलेला वेळ परत धरून द्यायला लागले.

सगळं चांगलं आहे असं नाही. इथे दोन-तीन राज्यांत नाव घालता येतं, मग ज्याच्याकडे विमानाचे पैसे तो घालतो. त्या बाबतीत भारताचा एकच हॉस्पिटलचा नियम मला जास्त बरोबर वाटतो.

दादा, ताईचा पहिल्या डायलिसिसचा कागद आहे का? तो जपून ठेवा आणि नाव घालताना नक्की विचारा की वेटिंग कुठल्या तारखेपासून धरणार.

पांढरी_जास्वंद

मला बायकांच्या मुद्द्यावर बोलायचंय, कारण मूळ प्रश्नात तो आहे आणि सगळे त्याच्या बाजूनं निघून गेले. मी माझ्या नवऱ्याला किडनी दिलीय. आनंदानं दिली, परत द्यायची वेळ आली तरी देईन. पण माझ्या बॅचला त्या हॉस्पिटलात ज्या जोड्या होत्या त्यात बायको नवऱ्याला, आई मुलाला, बहीण भावाला, हेच. नवरा बायकोला देतोय अशी एक जोडी होती आणि सगळा वॉर्ड त्यांच्याकडं बघायला यायचा. नोटोचेच आकडे आहेत, १९९५ ते २०२१ मधे देशात ज्यांना अवयव मिळाले त्यात पाचातले चार पुरुष. आजार काय पुरुषांनाच होतात का चारपट? बाईला घरातून मिळत नाही, मग तिला कॅडेव्हरच्याच यादीवर थांबावं लागतं, आणि तिथंही तिला घेऊन जाणारं कोणी नसतं. २०२५ च्या ऑगस्टमधे नोटोनं राज्यांना सांगितलंय की मृत डोनरच्या अवयवांसाठी थांबलेल्या बायकांना आणि आधीच्या डोनरच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य द्या. मला ते पटतं. दादा, हे सोलापूरला कोऑर्डिनेटरला विचारा, आपल्या झोनमधे लागू केलंय का म्हणून.

रात्रपाळी

जास्वंद ताई, राग मानू नका पण मला हे अर्धंच पटतं. माझ्याकडं एक पोरगा आहे, सव्वीस वर्षांचा, आईबाप नाहीत, देणारं कोणी नाही. तो पुरुष म्हणून मागं का जावा? घरात डोनर असण्या-नसण्याचे गुण द्या हवं तर.

पांढरी_जास्वंद

राग कशाला. त्या पोराचंही दुखणं खरंच आहे. पण "घरात डोनर नाही" हे कागदावर कसं ठरवणार? घरात दीर आहे, सासरा आहे, नवरा आहे, सगळे कागदावर आहेत, देत कोणी नाही. बाईच्या बाबतीत तेच तर होतं. नियम कुठंतरी रेघ मारणारच, इतकी वर्षं ती रेघ आमच्या विरुद्ध बाजूला होती एवढंच म्हणते.

बालाघाटचा_पोरगा

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. ताईला वाचून दाखवलं, ती म्हणाली रात्रपाळी दादांच्या त्या पोराचं नाव घातलंय का विचार. पहिल्या डायलिसिसचं कार्ड सापडलंय. सोलापूरला जायचं ठरवतोय. आता खर्चाचं सांगा कोणीतरी, एका ठिकाणी फोनवर आठ लाख सांगितले आणि मला पुढं काही विचारायलाच सुचलं नाही.

वॉर्ड_नंबर_सात

फोनवर विचारू नका, समोर जा. महात्मा फुले योजनेत किडनी ट्रान्सप्लांट आहे, मर्यादा अडीच लाखाची साडेचार लाख केलीय. ते हॉस्पिटल योजनेत आहे का आणि ट्रान्सप्लांटसाठी आहे का हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारा. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी असतात, उत्पन्न एक लाख ऐंशी हजारापर्यंत असेल तर निर्धन, तीन लाख साठ हजारापर्यंत दुर्बल घटक. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, फोन आल्यावर रात्री तहसील उघडं नसतं. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज पण आहे. नंतरच्या गोळ्यांचं म्हणाल तर त्या आयुष्यभर, आणि त्यातच लोक मोडतात. दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटला केंद्राच्या कार्यक्रमातून गोळ्यांसाठी महिन्याला दहा हजारापर्यंत मदतीची तरतूद आहे, पण ती हॉस्पिटलनं मागावी लागते, म्हणून पहिल्याच भेटीत विचारा की तुम्ही मागता का. टाळाटाळ झाली तर दुसरं हॉस्पिटल बघा, ट्रान्सप्लांट झाल्यावर गोळ्या बंद पडून किडनी गेली तर ताई परत डायलिसिसवर येईल.

जाताना डायलिसिसचं कार्ड, सगळे जुने रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड, दोन वेगवेगळ्या माणसांचे चालू मोबाइल नंबर. एक तुमचाच द्या. आणि डायलिसिस आठवड्याला तीनदा कसं होईल ते आधी बघा, यादीत वर यायच्या दिवशी ताई ऑपरेशनला फिट पाहिजे. रात्रपाळी, तुमच्या त्या पोराचं नाव खरंच घातलंय का?

रात्रपाळी

नाही घातलेलं. गुरुवारी त्याची शिफ्ट आहे, बसून फॉर्मचं बघतो. बालाघाट दादा, तुम्ही सोलापूरला जाणार त्या दिवशी सांगा, त्यालाही सोबत पाठवतो, एकटा गेला तर गेटवरूनच परत येईल.